कमरेच्या गाठीचा इतिहास

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाची स्मरणिका काढावयाचे ठरले, तेव्हा संपादिकाबाईंनी मजकडे इतिहासावर एखादा लेख मागितला. कात्रजला इतिहासाची वाण नाही. नानासाहेब पेशव्यांच्या काळी आपल्या तळ्याचे पाणी नळांवाटे पुण्याच्या हौदांत खेळविले गेले, ही गोष्ट आपण येणाऱ्याजाणाऱ्याला अभिमानाने सांगतो. घाटाची हकीकत सांगतो, जुन्या वाड्यांची सांगतो. पण आपल्या अंगावरच्या वस्त्रालाही इतिहास आहे, आणि त्या वस्त्राखालच्या कातडीलाही आहे. तो मात्र आपण एकमेकींनासुद्धा सांगत नाही. या स्मरणिकेत पाककृती येतील, भरतकामाचे नमुने येतील, कविता येतील. त्यांच्या पंगतीत कर्करोगाचा विषय वाढणे काही भगिनींना अप्रशस्त वाटेल. तरीही तो वाढण्याचे धाडस करीत आहे, कारण हा कर्करोग परका नाही. तो आपल्या लुगड्याच्या गाठीशी आणि परकराच्या नाडीशी बांधलेला आहे.

माझा धंदा शिवणाचा. गेली कित्येक वर्षे मी शिवणवर्ग चालविते. परकराचे माप घेताना बायका कमरेवरचा कपडा जरा सैल करतात आणि तेथे बोटभर रुंदीचा काळपट वळ दिसतो. कोणाचा तांबूस असतो, कोणाचा खरखरीत, एखादीचा मधूनच पांढरा पडलेला. विचारले तर उत्तर ठरलेले: “अहो, नाडीचा आहे तो. सगळ्यांनाच असतो.” खरेच आहे, पुष्कळ जणींना असतो, आणि बहुतेकींच्या बाबतीत तो निरुपद्रवीच राहतो. हे मी आरंभीच सांगून ठेवते, म्हणजे हा लेख वाचून कोणी रात्रभर जागी राहावयाची नाही. परंतु या वळाची पुढची गोष्ट थोड्या जणींच्या वाट्याला येते, आणि ती ओळखणारे पहिले डॉक्टर आपल्याच मुंबईत काम करीत होते, हे फारसे कोणास ठाऊक नसते.

प्रथम थोडे मागे जाऊ. माणसाच्या वहिवाटीतून कर्करोग होऊ शकतो हे जगाला कळले ते १७७५ साली. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयातील शस्त्रवैद्य पर्सिव्हल पॉट यांनी असे दाखवून दिले की, धुराडी साफ करणाऱ्या कामगारांना जांघेच्या नाजूक भागी जो असाध्य व्रण होतो, त्याचे कारण त्या जागी वर्षानुवर्षे साचून राहणारी काजळी हे आहे. ही मुले लहानपणीच या धंद्यात ढकलली जात, आणि रोग प्रकट होई तो ती मोठी झाल्यावर. कारण आणि परिणाम यांच्यामध्ये असा वर्षांचा पल्ला असतो, म्हणूनच दोहोंचा संबंध सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही.

पुढे १८२८ मध्ये मार्जोलिन नावाच्या फ्रेंच शस्त्रवैद्याने जुन्या जखमांच्या व्रणांत होणाऱ्या चिघळीचे वर्णन केले. भाजल्याची जागा, वर्षानुवर्षे न भरणारी जखम, सतत घासली जाणारी कातडी, अशा ठिकाणी जो कर्करोग उद्भवतो त्याला आजही डॉक्टर ‘मार्जोलिनचा व्रण’ म्हणतात. त्यानंतर १८६६ साली काश्मीरमध्ये काम करणारे स्कॉटिश मिशनरी डॉक्टर एल्म्स्ली यांनी तिकडच्या एका कर्करोगाची हकीकत लिहिली. काश्मिरात थंडीच्या दिवसांत फिरनच्या आत कांगडी धरून बसतात. कांगडी म्हणजे वेताने विणलेले मातीचे भांडे, आत निखारे. तिची धग पोटाला आणि मांड्यांना वर्षानुवर्षे लागते, कातडीवर जाळीदार काळे डाग उमटतात, आणि काहींना म्हातारपणी त्याच जागी कर्करोग होतो. ‘कांगडी कॅन्सर’ हे त्याचे नाव वैद्यकाच्या ग्रंथांत कायमचे झाले.

आता आपल्या घराकडे येऊ. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. आपल्या देशात या रोगावर उपचाराची चांगली सोय असावी असे दोराबजींच्या मनाने घेतले. पुढच्याच वर्षी तेही गेले. पण त्यांच्या विश्वस्तांनी काम तडीस नेले आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळ येथे टाटा मेमोरियल रुग्णालय उघडले. तेथील प्रयोगशाळेची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे आली. १८९५ साली क्वेट्ट्यास जन्मलेले हे विकृतिशास्त्रज्ञ लंडनला शिकून आले होते आणि मुंबईच्या वैद्यकीय महाविद्यालयांत शिकवीत होते. पुढे ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूही झाले.

खानोलकरांची दृष्टी अशी की, सूक्ष्मदर्शकाखालच्या तुकड्याइतकेच तो तुकडा ज्याच्या अंगाचा, त्या माणसाकडेही पाहावे. तो काय खातो, काय ओढतो, काय नेसतो? १९४५ साली त्यांनी आणि बी. सूर्याबाई यांनी अमेरिकेतील एका विकृतिशास्त्राच्या नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. चालीरीतींशी संबंधित असे कर्करोगाचे तीन नवे भारतीय प्रकार, असा त्याचा विषय. त्यांपैकी दोन तंबाखूचे. आंध्राच्या किनाऱ्यावर काही लोक, विशेषतः बायका, चुट्टा नावाची विडी पेटते टोक तोंडात धरून ओढतात आणि त्यांच्या टाळूला कर्करोग होतो, हा एक. चुना आणि तंबाखू मळून केलेली खैनी ओठाच्या आत धरून ठेवल्याने खालच्या ओठाला होतो, हा दुसरा. आणि तिसरा धोतराचा. कमरेभोवती धोतर आवळून नेसणाऱ्यांना नेमक्या त्याच पट्ट्यावर कातडीचा कर्करोग झालेला या दोघांनी पाहिला आणि त्याला ‘धोती कॅन्सर’ असे नाव दिले.

या निबंधाचे महत्त्व कशात आहे? तोवर कातडीच्या कर्करोगाची बहुतेक पुस्तके गोऱ्या लोकांची, गोऱ्या लोकांविषयी लिहिलेली होती. गोऱ्या कातडीला ऊन सोसत नाही. उन्हात काम करणाऱ्यांच्या नाकावर, गालावर, कानाच्या पाळीवर कर्करोग होतो, हा त्यांचा धडा. तो त्यांच्यापुरता खराच आहे. आपल्या सावळ्या कातडीतील रंगद्रव्य उन्हाला पुष्कळ अडविते, आणि म्हणून आपल्याकडे हा रोग एकंदरीने विरळा. परंतु त्यावरून ‘सावळ्या कातडीला कर्करोग होत नाही’ असा जो समज पसरला, तो घातक आहे. रंग उन्हाला अडवितो. नाडीच्या घासण्याला, भाजल्याच्या व्रणाला, न भरणाऱ्या जखमेला तो अडवीत नाही. त्यामुळे सावळ्या माणसांचा हा रोग पुष्कळदा झाकल्या जागी येतो: कमरेवर, जुन्या डागावर, पायाच्या तळव्यावर, नखाखाली. जेथे कोणी पाहत नाही, नेमका तेथे.

तळव्याचे आणि नखाचे म्हटले म्हणून सांगते. जमैका बेटातला बॉब मार्ले हा जगप्रसिद्ध गायक आपल्या मुलांनाही ठाऊक आहे. १९७७ साली त्याच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली कर्करोग निघाला. वरवर पाहता ती चेंडू खेळताना झालेली दुखापत वाटावी अशीच होती. त्या जातीच्या कर्करोगास मेलॅनोमा म्हणतात. तो रंग तयार करणाऱ्या पेशींचाच असतो आणि फार लवकर पसरतो. १९८१ साली वयाच्या अवघ्या छत्तिसाव्या वर्षी तो गेला. काळ्यासावळ्या लोकांत मेलॅनोमा विरळा, पण जेव्हा होतो तेव्हा तळवे, तळहात आणि नखे या जागा तो विशेष पसंत करतो.

पुन्हा कमरेकडे वळू. १९४५ साली रोगाला नाव पडले ते धोतरावरून. मला, शिवणाऱ्या बाईला, येथे एक प्रश्न पडतो. धोतर जितके आवळून नेसत, तितकेच, किंबहुना अधिक, आवळून आपल्या आज्या-पणज्या लुगडे नेसत. नऊवारीखाली परकर नसे. कमरेला गाठ मारावयाची, निऱ्या खोचावयाच्या, कासोटा मागे ताणून घ्यावयाचा. पुन्हा काम बसून करावयाचे नसे. आमच्या सासूबाईंच्या पिढीने या कात्रज-आंबेगावच्या शिवारात गुडघाभर चिखलात भात लावले, डोक्यावर गवताचे भारे आणले, घाट चढून-उतरून दूध घातले. लुगडे सैल असते तर वाटेतच सुटते. घट्ट गाठ ही त्यांच्या कामाची गरज होती. मग रोगाचे नाव लुगड्यावरून का पडले नाही? माझा आपला तर्क असा की, पुरुष कमरेचा व्रण घेऊन डॉक्टरसमोर उभा राहिला. बाई राहिली नाही.

गोल पातळ आले तसा परकर आला, आणि परकराबरोबर नाडी आली. कपड्यांच्या इतिहासात हा बदल सोयीचा मानला जातो आणि तो सोयीचा आहेही. परंतु आमच्या धंद्याच्या नजरेने पाहिले तर एक गोष्ट दिसते. लुगड्याच्या गाठीचा भार निदान कापडाच्या घडीवर पसरत होता. आता सबंध साडीचे वजन नेफ्यातल्या एका दोरीवर आले. बाजारातून भरलेली पिशवी आणताना तिचा बंद बारीक असेल तर तळहाताला काचतो. त्यालाच फडके गुंडाळले की तेवढेच ओझे सुसह्य होते. नाडीचे तसेच आहे. विकतच्या परकरात नेफा अरुंद आणि नाडी सुतळीसारखी बारीक असते. ती रोज त्याच जागी, दिवसाचे पंधरा-सोळा तास, वर्षाचे बाराही महिने कातडीत रुतते. वर आपल्याकडचा घाम. आधी खाज, मग काळपटपणा, मग पापुद्रे, मग एखादी चीर. ती भरते, पुन्हा उलते, पुन्हा भरते. अशा वारंवार दुरुस्तीत कातडीच्या पेशींची वाढ एखादे दिवशी ताळ सोडते, आणि त्यालाच कर्करोग म्हणतात.

२००० सालानंतर मुंबईच्या डॉक्टरांनी ‘साडी कॅन्सर’ या नावाने अशा बायकांच्या हकीकती छापल्या. आणि अगदी अलीकडे, नोव्हेंबर २०२४ मध्ये, वर्धा आणि बिहारमधील मधुबनी येथील वैद्यकीय महाविद्यालयांच्या डॉक्टरांनी एका ब्रिटिश नियतकालिकात दोन वयस्क बायकांची हकीकत प्रसिद्ध केली. एक सत्तर वर्षांची. उजव्या कुशीवर दीड वर्षापासून न भरणारा व्रण, भोवतीच्या कातडीचा रंग गेलेला; ती घट्ट नाडीचा परकर वापरीत असे. दुसरी साठीच्या उत्तरार्धातली. चाळीस वर्षे रोज लुगडे नेसणारी, तेही परकराशिवाय, कमरेला आवळून. तिचा व्रण दोन वर्षांचा होता आणि रोग जांघेतील गाठीपर्यंत पोहोचला होता. दोघींचे निदान एकच: मार्जोलिनचा व्रण. या डॉक्टरांनी म्हटले आहे की दोष साडीचा नाही, कमरेच्या आवळण्याचा आहे. आणि म्हणून त्यांनी ‘परकराचा कॅन्सर’ असे नाव पुढे केले. धोतर, मग साडी, मग परकर, असा हा नावांचा प्रवास. १९४५ पासून २०२४ पर्यंत, म्हणजे जवळजवळ ऐंशी वर्षांनी, दोषाचे बोट त्या गाठीवर नेमके टेकले.

या इतिहासात एक पुणेकर भगिनी येतात, त्यांचे स्मरण केल्यावाचून पुढे जाणे योग्य नव्हे. डॉ. कमल रणदिवे, माहेरच्या समर्थ. १९१७ साली पुण्यात जन्मल्या, हुजूरपागेत आणि फर्ग्युसनमध्ये शिकल्या. मुंबईस गेल्यावर त्यांनी खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली कर्करोगावर संशोधन करून १९४९ साली डॉक्टरेट मिळविली. पुढे १९५२ साली स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी मोठे काम केले, १९७३ साली भारतीय महिला वैज्ञानिकांची संघटना उभारण्यात पुढाकार घेतला, आणि १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. त्यांचे मुख्य काम स्तनाच्या कर्करोगावर होते, कमरेच्या व्रणावर नव्हे. पण ज्या काळात बाईने स्वतःच्या अंगाविषयी बोलणेही वर्ज्य होते, त्या काळात आपल्याच शहरातली एक मुलगी बायकांच्या रोगांचा प्रयोगशाळेत शोध घेत होती, हे आपल्या मुलींना सांगण्यासारखे आहे.

आता एक घरातली गोष्ट सांगते. आमच्या एका चुलत सासूबाईंचा पाय लहानपणी चुलीवरच्या आधणाने भाजला होता. पोटरीवर मोठा डाग होता, चकचकीत आणि आवळलेला. पन्नाशी उलटल्यावर त्या डागात एक फोड आला आणि फुटला. हळद भरली, एरंडाचे पान बांधले, कोणी सांगितले म्हणून राख लावली. गावच्या एका वैद्याने वर्षभर मलम दिले. दर खेपेस “आता सुकत आले” म्हणे. काकू दुखते म्हणून कधी बोलल्या नाहीत, कारण ते फारसे दुखतच नव्हते. घाण येऊ लागली तेव्हा त्या पंक्तीत जेवायला बसेनात, ओसरीच्या कडेला वेगळ्या बसू लागल्या. त्यांच्या मुलाने अखेर त्यांना शहरातील मोठ्या रुग्णालयात आणले. तेथे तुकडा काढून तपासला आणि तोच निघाला, जुन्या डागातला कर्करोग. पाय गुडघ्याखाली कापावा लागला. पाय गेला, पण जीव राहिला. त्यानंतर त्या बरीच वर्षे जगल्या आणि कुबडी घेऊन नातवंडांच्या लग्नांत मिरवल्या. त्या म्हणत, “फोड होता तेव्हा दाखवला असता तर फोडच गेला असता.” या एका वाक्यात सारे आले.

तेव्हा मैत्रिणींनो, लक्षात ठेवावयाचे ते थोडेच आहे. कमरेवर, भाजल्याच्या किंवा जुन्या जखमेच्या डागावर, तळव्यावर कोठेही व्रण झाला आणि तो तीन-चार आठवड्यांत भरला नाही, किंवा भरून पुन्हा पुन्हा उलू लागला, तर तो डॉक्टरांना दाखवावा. व्रणाच्या कडा जाड, उंचवटलेल्या झाल्या, रक्त येऊ लागले, घाण सुटली, तर एक दिवसही थांबू नये. नखाखाली काळी रेघ आली आणि रुंदावत चालली, तळव्यावर काळा डाग येऊन वाढू लागला, तर तोही दाखवावा. दुखत नाही म्हणून भय नाही, असे मानू नये; काकूंचेही दुखत नव्हते. तुकडा काढल्याने रोग पसरतो अशी समजूत आपल्याकडे घट्ट आहे. ती खरी नाही. तपासल्यावाचून नायटा कोणता आणि कर्करोग कोणता हे कोणासही खात्रीने सांगता येत नाही. दहांतील नऊ जणींना नायटा किंवा साधी खाजच निघेल, आणि त्या हसत घरी येतील. दहावीला वेळेवर कळेल. आरंभी ध्यानात आला तर हा रोग बहुधा नुसता कापून काढल्याने बरा होतो.

आणि नाडी? साडी सोडा असे मी मुळीच म्हणत नाही. साडीने हजार वर्षे आपली शोभा राखली आहे. नाडीऐवजी दोन बोटे रुंदीची सुती पट्टी घालावी, नेफा रुंद शिवावा, गाठ रोज त्याच जागी न आणता कधी डावीकडे, कधी उजवीकडे, कधी चार बोटे खाली घ्यावी. घरी असताना आणि रात्री नाडी सैल करावी. स्नानानंतर कंबर कोरडी पुसावी. वळ लाल झाला असेल तर काही दिवस सैल झगा वापरावा. घरातल्या कोणी नावे ठेवली तर हा लेख वाचावयास द्यावा. सलवारीच्या नाडीलाही हेच लागू आहे, हे मुलींनी आणि सुनांनी ध्यानात घ्यावे.

मंडळापुढे माझी एक सूचना आहे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण दर वर्षी वाण लुटतो. डबे झाले, वाट्या झाल्या, गाळण्या झाल्या. येत्या संक्रांतीला प्रत्येकीच्या हाती दोन बोटे रुंद अशी एक सुती नाडी द्यावी. पट्ट्या कापून, दुमडून, शिवून देण्याचे काम आमचा शिवणवर्ग आनंदाने करील. एका मीटर कापडात अनेक नाड्या निघतात. आणि वाण देताना दारातल्या म्हाताऱ्या आजींच्या कानात हळूच विचारावे, “आजी, कमरेला काही होत नाही ना? होत असेल तर सांगा हो, मी बरोबर येते.”